नासलेलं नॅसल आणि उजव्या बाजूचा दिवा



हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पण आधी टॅक्स, मग अंगणातलं गवत, यात राहून गेलं. विषय तसा किरकोळच आहे: कॉम्प्युटरवरचं एक खोटं विमान आणि त्याचा एक खोटा व्होल्टमीटर. ज्यांना कोडचा कंटाळा आहे (दिवसभर ऑफिसात तेच करून संध्याकाळी पुन्हा कोण वाचणार, हेही खरंच) त्यांनी मधले काही परिच्छेद खुशाल गाळावेत. बाबांचा भाग मात्र वाचा.

तर झालं असं. आम्ही मिनिआपोलिसच्या नैऋत्येला, ईडन प्रेअरीत राहतो. ऑगस्टमध्ये आई गेली. डोंबिवलीच्या घरात बाबांना एकटं ठेवायचं जिवावर आलं म्हणून नोव्हेंबरात त्यांना इकडे घेऊन आलो. आता मिनेसोटात नोव्हेंबरात पाहुणा आणणं म्हणजे शिक्षाच, पण दुसरा इलाज नव्हता. डिसेंबर लागला तसं त्यांचं बाहेर पडणं बंद झालं. सकाळी चहा, मग खिडकीशी खुर्ची, मग जेवण, मग परत खिडकी. बोलणं जवळजवळ नाहीच. तिसऱ्या आठवड्यापासून एकच प्रश्न, रोज जेवताना: "परतीचं तिकीट अलीकडे करून मिळेल का रे?" मी रोज म्हणायचो, बघतो. बघत मात्र नव्हतो.

बाबांची सगळी नोकरी सांताक्रूझला गेली, एका विमान कंपनीच्या इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये. म्हणजे कॉकपिटमधली घड्याळं. अल्टिमीटर, एअरस्पीड, कृत्रिम क्षितिज, व्होल्टमीटर, ही सगळी खाली उतरवायची, बेंचवर तपासायची, दुरुस्त करायची, सही करून परत पाठवायची. छत्तीस वर्षं. लहानपणी आम्हाला वाटायचं की बाबा विमानाचे घड्याळजी आहेत, आणि ते फारसं चूकही नव्हतं. घरी मात्र त्यांनी कामाबद्दल कधी काही सांगितलं नाही.

आमचे चिरंजीव पंधरा वर्षांचे. त्यांचा मुक्काम बेसमेंटमध्ये, माझ्या जुन्या डेस्कटॉपवर. त्यावर उबुंटू आणि उबुंटूवर फ्लाइटगिअर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्लाइटगिअर हा फुकट आणि मुक्त सोर्सचा फ्लाइट सिम्युलेटर. १९९६ साली डेव्हिड मर यांनी कल्पना मांडली की घरच्या कॉम्प्युटरवर चालणारा, सर्वांनी मिळून लिहिलेला सिम्युलेटर करू या. पुढच्याच वर्षी ते काम कर्टिस ओल्सन यांनी हाती घेतलं आणि बरीच वर्षं ओढून नेलं. हे ओल्सन इथल्याच मिनेसोटा विद्यापीठातले, म्हणजे एका अर्थी हे आमच्या गावचंच पीक. ०.९ च्या पुढे जायला त्यांनी इतकी वर्षं घेतली की १.० कधी येणार हा विनोदाचा विषय झाला होता. ती आली डिसेंबर २००७ मध्ये. उड्डाणाचं गणित करणारे भाग वेगळ्या लोकांचे: जेएसबीसिम हा जॉन बर्न्ट यांचा, वायएसिम हा अँडी रॉस यांचा. याच अँडी रॉस यांनी विमानांच्या अंतर्गत व्यवस्थांसाठी एक छोटी स्क्रिप्टिंग भाषा लिहिली, तिचं नाव नॅसल. म्हणजे 'नॉट अनदर स्क्रिप्टिंग लँग्वेज', या आद्याक्षरांचा जोड. आपल्या कानाला मात्र त्यात वेगळंच काही ऐकू येतं. सौ. जिन्यावरून हाक मारायची ती अशी: "काय, नासलं का परत?"

आणि नासायचंच. जानेवारीतल्या एका शनिवारी चिरंजीवांनी एक जुनं दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप उतरवून घेतलं. कोणा हौशी माणसाने बऱ्याच वर्षांपूर्वी बनवलेलं, नंतर दोघा-तिघांनी हात फिरवलेलं. इंजिनं सुरू होत होती, विमान धावत होतं, उडतही होतं, पण पॅनेल मेलेलं. विजेवर चालणारं एकही घड्याळ हलेना. बाहेर उणे बावीस फॅरनहाइट, कुठे जायचं नव्हतंच, म्हणून मीही बाजूला खुर्ची ओढली.

आता यातली गंमत अशी, की स्क्रिप्टमध्ये चूक झाली तरी सिम्युलेटर कोसळत नाही. तेवढं एक फंक्शन अर्ध्यावर सोडून दिलं जातं आणि विमान आपलं उडत राहतं. त्यामुळे समोर काहीच दिसत नाही, फक्त काहीतरी होत नसतं. खरी हकिगत लॉगमध्ये. लिनक्सवर घरच्या फोल्डरमध्ये लपवलेल्या एफजीएफएस नावाच्या डिरेक्टरीत ती फाइल असते. विंडोजवर ॲपडेटाच्या आत असते. आम्ही ती उघडली. शेकडो ओळी, त्यातल्या निम्म्या टेक्स्चर सापडलं नाही वगैरे कुरकुरीच्या. चिरंजीव थेट शेवटाला गेले, आपण सगळेच जातो तसे. शेवटी काही नव्हतं. मग वरून वाचत आलो तेव्हा एकच नोंद सापडली: नॅसल रनटाइम एरर, निल यूज्ड इन न्यूमेरिक काँटेक्स्ट. खाली फाइलचं नाव, ओळीचा नंबर, आणि 'कॉल्ड फ्रॉम' करत ते फंक्शन कुणी बोलावलं त्याची साखळी. बस. एकदाच. त्यानंतर चिडीचूप.

"एकदाच एरर आली तर कायमचं बंद का?" हा चिरंजीवांचा प्रश्न रास्त होता. उत्तर फाइलमध्येच होतं. विजेचा हिशेब करणारं ते फंक्शन स्वतःला पुन्हा पुन्हा बोलावत होतं. सगळा हिशेब करायचा आणि शेवटच्या ओळीत सेटटाइमर लावून म्हणायचं, मला थोड्या वेळाने परत उठव. मधेच पाय अडखळला की शेवटची ओळ येतच नाही, गजर लागत नाही, आणि फंक्शन झोपलं ते झोपलंच. बऱ्याच जुन्या विमानांमध्ये हीच रचना आहे. अशा विमानात लॉगमधली एक ओळ शंभर ओळींपेक्षा घातक असते, कारण शंभर वेळा ओरडणारी चूक निदान जिवंत तरी असते.

निल म्हणजे काहीच नाही. शून्य नव्हे, रिकामी ओळ नव्हे, काहीच नाही. फ्लाइटगिअरमध्ये सगळ्या गोष्टी एका मोठ्या झाडावर टांगलेल्या असतात, त्याला प्रॉपर्टी ट्री म्हणतात. उंची, वेग, थ्रॉटल, स्टॅटिक दाब, व्हॅक्यूमचं ओढणं, दिव्याची बटणं, प्रत्येकाला फाइलच्या पाथसारखा पत्ता. नॅसल गेटप्रॉप करून त्या पत्त्यावर विचारते, किती? त्या पत्त्यावर कुणी राहतच नसेल तर उत्तर येतं निल, आणि निलला अठ्ठावीसने गुणायला गेलात की वरची एरर.

मी वीस वर्षं या धंद्यात आहे. पाच मिनिटांत उपाय केला. जिथे जिथे गेटप्रॉप होतं तिथे तिथे पुढे 'ऑर शून्य' लावून टाकलं, म्हणजे काही मिळालं नाही तर शून्य धर. अशा चौदा जागा. सिम्युलेटर बंद, पुन्हा सुरू, आणि पॅनेल उजळलं. चिरंजीव खूश, मी त्याहून खूश.

"उजवा जनरेटर बंद का आहे?"

मागे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बाबा उभे होते. कधी खाली आले कळलं नाही. बहुतेक जेवायला बोलवायला सौ.ने पाठवलं असावं.

बघितलं तर खरंच. डावा व्होल्टमीटर अठ्ठावीसवर, उजवा शून्यावर. दोन्ही इंजिनं चालू. म्हटलं, बाबा, ते सिम्युलेटर आहे, थोडं इकडेतिकडे असायचंच. बाबांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. पुढे येऊन चष्मा वर करून स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. "जनरेटर बंद, तर दिवा का लागला नाही? आणि हे बघ, को-पायलटचं होरायझन. याला वीज उजव्या बसवरून असणार. विमान वळतंय आणि हे सरळ. फ्लॅग कुठाय?"

चिरंजीवांनी विचारलं, "आजोबा, फ्लॅग म्हणजे?" बाबा खुर्चीवर बसले. गेल्या दोन महिन्यांत ते स्वतःहून बसून काही सांगायला लागले असं पहिल्यांदाच होत होतं. त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं: कृत्रिम क्षितिजाच्या आत एक गरगर फिरणारी जायरो असते, ती जमिनीशी आपली दिशा धरून ठेवते. तिची वीज गेली की ती लगेच पडत नाही, काही वेळ फिरत राहते आणि हळूहळू खोटं बोलायला लागते. म्हणून यंत्राच्या तोंडावर एक छोटी लाल पट्टी असते. वीज असेपर्यंत ती आत ओढलेली असते, वीज गेली की स्प्रिंगने आपोआप बाहेर पडते. म्हणजे पट्टी दाखवायला वीज लागत नाही, लपवायला लागते. "बिघडलेलं घड्याळ चालतं," बाबा म्हणाले. "बिघडलोय हे न सांगणारं घड्याळ चालत नाही. तुझ्या त्या दुरुस्तीने काय केलंस? पट्टी आत चिकटवून टाकलीस."

मी जरा दुखावलो, खोटं कशाला बोलू. चौदा ठिकाणी 'ऑर शून्य' हे माझ्या ऑफिसात कुणीही रिव्ह्यूमध्ये पास केलं असतं. मीच केलेलं आहे, अनेकदा.

जेवायला गेलो नाही. सौ.ने शेवटी थालीपिठं खाली पाठवली.

बाबांनी सांगितलं, आधी होतं तसं कर. चौदाही 'ऑर शून्य' काढले. पॅनेल पुन्हा मेलं. "आता एकेक." त्यांची पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत लिहायची, मग दुसरी. वही मागितली. चिरंजीवांच्या गणिताच्या वहीची मागची पानं मिळाली. त्यावर बाबांनी रेघ मारून तीन रकाने केले: तक्रार, तपासलं काय, सापडलं काय. अक्षर अजून तसंच, मोत्यासारखं.

आणि दोन तासांत कळलं की निल दोन जातीचे होते.

पहिल्या जातीचे तेरा. ते सुरुवातीच्या क्षणापुरते होते. हे विमान लिहिलं गेलं त्या काळच्या आवृत्त्यांत स्क्रिप्ट चालू व्हायच्या आधी उड्डाणाचं गणित तयार असायचं. पुढे तो क्रम बदलला. आता स्क्रिप्ट आधी जागी होते आणि गणित मागून, सीनरी वगैरे लोड झाल्यावर. त्यामुळे फंक्शनने पहिल्यांदा विचारलं तेव्हा इंजिनाचे आकडे त्या पत्त्यावर राहायलाच आले नव्हते. अर्ध्या मिनिटाने विचारलं असतं तर सगळे घरी होते. याचा खरा उपाय 'ऑर शून्य' नव्हे. फ्लाइटगिअर स्वतःच एक निशाण हलवतो, सिम, सिग्नल्स, एफडीएम इनिशिअलाइज्ड या पत्त्यावर. त्याच्यावर सेटलिसनर लावून कान ठेवायचा आणि ते हललं की मगच काम सुरू करायचं. एक ओळ.

दुसऱ्या जातीचा एकच, उजव्या जनरेटरचा. तो पत्ता कितीही थांबलं तरी रिकामाच. म्हणजे तेरा 'अजून नाही' आणि एक 'कधीच नाही', आणि मी चौदांनाही एकाच शून्यात कोंबलं होतं.

तो एक शोधायला सगळ्यात मजा आली. मी नेहमीप्रमाणे कोड वाचत बसलो. बाबांना कोड वाचता येत नाही, आणि त्यांना त्याची काही पडलेलीही नव्हती. त्यांनी विचारलं, आतले आकडे कुठे दिसतात का? चिरंजीवांनी डीबग मेनूतून प्रॉपर्टी ब्राउझर उघडून दिला, त्यात ते सगळं झाड जिवंत दिसतं, आकडे डोळ्यांसमोर बदलत असतात. जेएसबीसिमच्या फांदीवर सिस्टिम्सचा गुच्छ होता, चाळीस-पन्नास नावं, बरीचशी अगम्य. "उजव्या इंजिनाचा थ्रॉटल हलव," बाबा म्हणाले. "आता पुढे. आता मागे. फक्त उजवा." आणि ते नावं वाचतच नव्हते. फक्त कुठला आकडा नाचतो ते बघत होते. तिसऱ्या खेपेला बोट ठेवलं. "हा." खरंच, जनरेटरचा वेग तोच होता. नुसतं नाव वेगळं. कोणीतरी मागाहून गणिताची फाइल सुधारताना 'उजवा'चं 'दोन' केलं होतं आणि स्क्रिप्टमध्ये बदलायला विसरलं होतं. आधीच पॅनेल बंद पडत असल्यामुळे दुसरी चूक पहिलीच्या मागे लपून बसली, कुणाला कळलीच नाही.

ज्यांच्या घरी मुलं असले उद्योग करतात त्यांच्यासाठी, त्या वहीत पुढे भर पडत गेली त्यातलं थोडं. लॉगमधली पहिली चूक आधी बघा, कारण एका फाइलमध्ये नुसता अर्धविराम राहिला तर ती अख्खी फाइल लोड होत नाही, आणि मग दुसऱ्या चार फाइली 'अमुक सिम्बॉल नाही' म्हणून बोंबलतात. त्या चौघी निर्दोष असतात. पार्स एररमध्ये दिलेला ओळीचा नंबर हा मिळालेल्या ठेचेचा असतो, दगड बहुतेक वेळा वरच्या ओळीत. नॅसलमध्ये दोन शब्द जोडायला अधिकचं चिन्ह चालत नाही, नागमोडी टिल्डा लागते. अधिक लावलं की ती त्यांची बेरीज करायला जाते आणि चिडते. चिरंजीव पायथॉनवरून आलेले, त्यामुळे यात आठवड्यातून एकदा तरी पडायचे. फंक्शनच्या आत नवीन व्हेरिएबलआधी 'व्हार' लिहायला विसरलात आणि त्याच नावाचं बाहेर काही असेल, तर ते गुपचूप बदललं जातं, आणि ही चूक लॉगमध्ये कधीच येत नाही. शिवाय विंडोजवर बनवलेलं विमान लिनक्सवर फाइल सापडत नाही म्हणून अडलं, तर नावातली लहान-मोठी लिपी तपासा. आणि दर वेळी सिम्युलेटर बंद-चालू करण्याआधी डीबग मेनूतलं नॅसल कन्सोल वापरा, दोन ओळी तिथेच चालवून बघता येतात. हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळलं. तोवर बंद-चालू करण्यात किती चहा प्यायलो त्याला गणती नाही.

असो. मूळ गोष्टीकडे येतो.

त्या रात्री बाराच्या पुढे चिरंजीव झोपायला गेल्यावर बाबा बसूनच राहिले. मग म्हणाले, "तुला अठ्ठ्याहत्तरचं आठवतं?" मी तेव्हा चार वर्षांचा. ऐकून माहीत होतं. १ जानेवारी १९७८, एअर इंडियाचं 'एम्परर अशोक', १९७१ मध्ये आलेलं त्यांचं पहिलं जंबो, संध्याकाळी मुंबईहून दुबईला निघालं. समुद्रावर गेलं, उजवीकडे वळलं, वळण संपवून सरळ झालं. कॅप्टनसमोरचं क्षितिज मात्र उजवीकडे कललेलंच राहिलं. बाहेर अंधार, खाली पाणी, खरं क्षितिज दिसायला नाही. त्यांनी यंत्रावर विश्वास ठेवून विमान डावीकडे कलवलं, आणि कलवतच गेले. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात. २१३ माणसं. ताडून बघायला कॉकपिटमध्ये तसली आणखी यंत्रं होती, पण वेळ किती मिळाला?

बाबांची कंपनी वेगळी होती. त्या विमानाशी त्यांचा काही संबंध नव्हता. "पण आमच्या शॉपमध्ये दुसऱ्या दिवशी कोणी बोललं नाही," ते म्हणाले. "सगळे आपापल्या बेंचवर होरायझन घेऊन बसलेले. मी ज्यांच्यावर सही केली होती, त्यांचे कागद काढून परत बघितले. सगळे. तुझी आई विचारत होती, एवढा उशीर का होतो रोज. तिला सांगितलं नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "सांगायला हवं होतं." मला काय बोलावं सुचेना. थालीपिठाची ताटली उचलून वर गेलो. खाली आलो तेव्हा ते वहीत काहीतरी लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती पुन्हा लिहिली, बाबांच्या देखरेखीखाली. सुरुवात सिग्नलची वाट बघून. उजव्या जनरेटरचा पत्ता बरोबर. आणि कुठल्याही पत्त्यावर निल आलंच, तर शून्य न धरता लॉगमध्ये स्पष्ट नाव घेऊन ओरडायचं आणि त्या यंत्राच्या तोंडावर लाल पट्टी टाकायची. पट्टीचं चित्र त्या विमानात नव्हतंच. ते चिरंजीवांनी आजोबांनी कागदावर काढून दिलेल्या आकृतीवरून बनवलं. तिचा लाल रंग तीनदा नापास झाला. जनरेटरच्या दिव्याचं कोड होतं, पण तेही त्याच चुकीच्या नावावर अवलंबून. ते सुधारल्यावर बाबांनी स्वतः उजवं इंजिन बंद करायला लावलं. दिवा लागला, पट्टी पडली. "हं," एवढंच म्हणाले. पण वहीत तारीख घातली आणि सही केली.

फ्लाइटगिअर जीपीएलखाली असल्यामुळे दुरुस्ती परत पाठवता येते. पाठवली. विमान सांभाळणाऱ्या गृहस्थांनी नऊ दिवसांनी ती आत घेतली आणि विचारलं, पट्टी अशी अर्धवट तिरकी का पडते, मुद्दाम केलंय का? बाबांनी मराठीतून सांगितलेलं उत्तर चिरंजीवांनी इंग्रजीत लिहिलं: हो, मुद्दाम, जुनी स्प्रिंग तशीच पडते.

त्यानंतर संध्याकाळी खाली जाणं हा नेमच झाला. बाबांनी नातवाला रात्रीच्या वेळी सांताक्रूझहून पश्चिमेला उडायला लावलं, मध्येच गुपचूप मेनूतून कृत्रिम क्षितिज नादुरुस्त केलं, आणि सांगितलं, सरळ राहून दाखव. पहिल्या खेपेला पोरगं मिनिटभरात पाण्यात. काही न बोलता पुन्हा. चौथ्या खेपेला त्याने टर्न इंडिकेटर, एअरस्पीड आणि अल्टिमीटर यांच्यावर डोळे फिरवत विमान वळवून परत आणलं. दमलं होतं बिचारं.

फेब्रुवारीत एकदा दिवसाउजेडी तो पश्चिमेकडून मुंबईला उतरत होता. या सिम्युलेटरमधली मुंबई इमारतींवरून फारशी ओळखू येत नाही, किनाऱ्याच्या आकारावरून येते. पट्टी दिसली, चाकं खाली, उत्तम उतरला, आणि ब्रेक मारता मारता धावपट्टीच संपली. पठ्ठ्या जुहूला उतरला होता! जुहू आणि सांताक्रूझ जवळजवळ, दोन्हीकडे साधारण पूर्व-पश्चिम पट्टी, फक्त जुहूची जेमतेम अकराशे मीटर. आणि बाबा हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. वरून सौ. धावत आली, काय झालं म्हणून. "अरे, जपान एअरलाइन्सचं डीसी-८ उतरलं होतं असंच," ते हसू आवरत म्हणाले, "बहात्तरच्या सप्टेंबरात! गेलं पट्टीच्या पुढे." (मी नंतर शोधून पाहिलं. २४ सप्टेंबर १९७२, खरंच आहे. सुदैवाने जीवितहानी झाली नव्हती.) मग ते सांगत बसले, जुहू बघायला शॉपमधले कोण कोण सायकलवरून गेले, साहेब कसे चिडले, आईला त्यांनी ते कसं रंगवून सांगितलं आणि तिने कसा विश्वासच ठेवला नाही. ही गोष्ट मी पन्नास वर्षांत ऐकली नव्हती.

तिकिटाचा विषय कधी बंद झाला ते मला नक्की सांगता येणार नाही. ठरल्या तारखेलाच, एप्रिलच्या शेवटी, ते परत गेले. वही बरोबर नेली. गणिताची पुढची पानं फाडून चिरंजीवांना परत देऊन.

डोंबिवलीला शेजारच्या मुलाने त्यांच्या कॉम्प्युटरवर फ्लाइटगिअर घालून दिलं आहे. आवृत्ती आमच्यापेक्षा वेगळी आहे, त्यामुळे आमचं विमान तिथे नीट चालत नाही. गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला फोन. सौ. घाबरून उठली, इतक्या सकाळी काय झालं म्हणून. पलीकडून बाबा: "लॉगची पहिली ओळ वाचतो, लिहून घे. आणि त्यालाही उठव, तुला एकट्याला जमायचं नाही."